उलाळ झालेली सायकल



आपल्या या ‘आरोग्य आणि अर्थ’ सदरात ४०१-के, मृत्युपत्र, कोलेस्टेरॉल अशा भारदस्त विषयांवर जाणकार लिहीत असतात. त्यांच्या पंगतीत सायकलीवरचा लेख घेऊन येताना मला थोडा संकोच वाटतो आहे. संपादकांनी विचारलेच, “हा लेख आरोग्यात टाकू की अर्थात?” म्हटले, दोन्हीत बसेल. या सायकलीने माझी रक्तातली साखर खाली आणली आणि माझ्याच आळसामुळे एकदा माझे मनगट मोडून खिसाही रिकामा केला.

गोष्ट २०२२ च्या शेवटची. वार्षिक तपासणीत माझे ए१सी ६.१ आले. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. वय ३५, काम दिवसभर खुर्चीत बसून कोड लिहिण्याचे. त्यात माझ्या वडिलांची बायपास त्यांच्या ५४ व्या वर्षी झालेली. भारतीय वंशाच्या लोकांना हृदयविकार तुलनेने लवकर गाठतो, हे डॉक्टरांनी पुन्हा एकदा ऐकवले. आठवड्याला किमान १५० मिनिटे दमवणारा व्यायाम हवा, असे बजावले. जिमचे सभासदत्व मी आधीच दोनदा घेऊन वाया घालवले होते. मग पुण्याच्या माणसाला जे सुचायचे तेच सुचले, सायकल!

आम्ही सॅन होजेच्या दक्षिण भागात राहतो. सांता टेरेसा काउंटी पार्क घरापासून दहा मिनिटांवर आहे. डोंगर बोडका, वाट खडकाळ. तिथे साधी सायकल चालत नाही. म्हणून ओळखीच्या एका गृहस्थाची तीन वर्षे वापरलेली ट्रेल माउंटन बाइक १४०० डॉलरना घेतली. पुढे १४० मिलिमीटर, मागे १३० मिलिमीटर दबणारे सस्पेन्शन, १२ गिअर, डिस्क ब्रेक. पहिल्या दिवशी अंगात वारे शिरले होते. तिसऱ्या आठवड्यात गुडघे, कंबर आणि मनगटे एकदमच बोलू लागली. चढावर पुढचे चाक दारू प्यायल्यासारखे डावी-उजवीकडे भरकटे. बायको म्हणाली, “अरे, विकून टाक. चालायला तर जाशील!” मी जाहिरातीचा मजकूरही लिहून ठेवला होता.

दोष सायकलीचा नव्हता

विकण्यापूर्वी एकदा दाखवावी म्हणून जवळच्या दुकानात नेली. तिथल्या म्हाताऱ्या मेकॅनिकने मला सायकलीवर बसायला सांगितले, दोन मिनिटे पाहिले आणि विचारले, “ही सायकल कुणासाठी लावली आहे?” प्रश्न मार्मिक होता. आधीचे मालक २२० पौंडांचे, मी १७२ चा. सायकल अजून त्यांचीच होती.

पहिली चूक मात्र माझीच होती. पुण्यात तासावर भाड्याने मिळणाऱ्या सायकलीवर शिकलेल्या पिढीचा नियम असा की, सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. त्याप्रमाणे मी सीट तळाला ठेवली होती. त्यामुळे प्रत्येक पायडलला गुडघा अर्धाच उघडत होता आणि सगळा ताण वाटीवर येत होता. खरी पद्धत अशी: सीटवर बसून पायाची टाच पायडलवर ठेवा आणि पायडल तळाला न्या. पाय तेव्हा जेमतेम सरळ झाला पाहिजे. मग चवडा पायडलवर ठेवला की गुडघ्यात आपोआप योग्य तेवढा बाक राहतो. आकडाच हवा असेल त्यांनी पायाची आतली उंची मोजून ०.८८३ ने गुणावी. माझी ८० सेंटिमीटर, म्हणून पायडलच्या मधल्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंत ७०.६. माझी सीट त्याहून पाच सेंटिमीटर खाली होती! ही उंची चढासाठी. उतारावर सीट खाली हवीच, आणि त्यासाठी या सायकलींना हँडलवरचे बटण दाबून सीट खाली-वर करणारा ड्रॉपर पोस्ट असतो. मी तो वापरतच नव्हतो.

दुसरी गोष्ट अधिक गंमतीची. बैलगाडीत मागे जास्त ओझे झाले की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते. माझी सायकल तशीच उलाळ झाली होती. कशी ते सांगतो.

या सायकलींचे सस्पेन्शन हवेवर चालते. आपण नुसते बसलो की ते थोडे दबते, त्याला सॅग म्हणतात. साधारण नियम असा की पुढचा चिमटा, म्हणजे फोर्क, त्याच्या एकूण प्रवासाच्या २० ते २५ टक्के दबावा आणि मागचा शॉक ३० टक्क्यांच्या आसपास. दोन्हींच्या दांड्यावर एक रबरी कडी असते. ती खाली सरकवायची, भिंतीला धरून हळूच बसायचे, हळूच उतरायचे आणि कडी किती सरकली ते पट्टीने मोजायचे. माझ्या फोर्कमध्ये जुन्या मालकांच्या वजनाची हवा होती. तो २८ मिलिमीटर दबायला हवा होता, दबला १४. मागच्या शॉकमधली हवा मात्र हळूहळू निघून गेलेली. त्याचा दांडा ५० मिलिमीटरचा, १५ दबायला हवा होता, दबला २३. लिंकेजचा हिशेब धरला तर मागची बाजू हवी त्यापेक्षा दोन सेंटिमीटर खाली बसत होती.

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. पुढे सुमारे १४ मिलिमीटर वर, मागे सुमारे २० खाली, दोन चाकांमधले अंतर सुमारे १२०० मिलिमीटर. गणित सोपे आहे: सगळी सायकल दीड अंशाहून अधिक मागे कललेली! हँडलच्या नळीचा कोन कारखान्यातून ६५.५ अंशांचा, सीटच्या नळीचा ७६ अंशांचा. मी बसलो की दोन्ही दीड अंशाने आडवे होत होते. दीड अंश म्हणजे काहीच नाही असे वाटेल, पण या धंद्यात अर्ध्या अंशावरून वाद होतात. सीट मागे गेल्याने माझे वजन मागच्या चाकावर, त्यामुळे चढावर पुढचे चाक हलके होऊन भरकटायचे. ते सावरायला मी हातांनी हँडल ओढायचो आणि पाठ वाकवायचो. कंबरदुखीचे मूळ इथे होते. मनगटांचे मूळ दगडासारख्या कडक फोर्कमध्ये.

उपाय? शॉकचा खास पंप, ३५ डॉलर. (टायरचा पंप इथे चालत नाही, दाब फार जास्त असतो.) वीस मिनिटांत दोन्हीकडची हवा नीट केली. ब्रेकचे दांडे थोडे खाली वळवले, म्हणजे हात सरळ रेषेत राहून मनगट वर मुडपत नाही. टायरमधली हवा ३५ वरून पुढे २२ आणि मागे २५ पीएसआयवर आणली. माझे टायर ट्यूबलेस आणि रुंद आहेत म्हणून एवढी कमी चालते.

बऱ्याच सायकलींत मागच्या लिंकेजपाशी फ्लिप चिप नावाचा तुकडा असतो. तो उलटा बसवला की कोन साधारण अर्ध्या अंशाने बदलतो आणि पायडलचा आस काही मिलिमीटर वर-खाली होतो. माझ्याकडे तो खालच्या खुणेवर होता. वरच्या खुणेवर नेल्यावर सांता टेरेसाच्या दगडांवर पायडल आपटणे बरेच कमी झाले. पण हे शेवटचे हत्यार. आधी सीट, मग सॅग, मग टायर, मग चिप. एका वेळी एकच बदल, तोही वहीत तारखेसह लिहून. चार गोष्टी एकदम बदलल्या की सुधारले कशाने, बिघडले कशाने, काही कळत नाही. कोड लिहिणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नकोच.

महिनाभरात गुडघे आणि कंबर शांत झाली. जाहिरात फाडून टाकली.

आणि मनगट मोडले

इथेच लेख संपला असता तर बरे झाले असते. एप्रिल २०२४ मध्ये दोन आठवडे पुढच्या ब्रेकमधून धातू घासल्याचा आवाज येत होता. पॅड संपले आहेत, हे मला कळत होते. नवे पॅड २४ डॉलरचे, बदलायला १५ मिनिटे. ‘पुढच्या शनिवारी बघू’ म्हणून ढकलत राहिलो. त्या शनिवारी दहा वर्षांची मुलगी तिच्या छोट्या सायकलवर माझ्या मागे होती. उतारावरच्या वळणावर पुढचा ब्रेक दाबला, तो नुसता किंचाळला, आणि मी वाट सोडून दगडांत गेलो. डाव्या मनगटातले स्केफॉइड नावाचे छोटे हाड मोडले. दहा आठवडे प्लास्टर, एका हाताने टायपिंग. आपत्कालीन विभाग, एक्स-रे आणि तज्ज्ञ मिळून डिडक्टिबलमधून माझ्या खिशातून २६०० डॉलर गेले. पण पैशांपेक्षा लेकीचा तो पांढरा पडलेला चेहरा अजून आठवतो. तिने सायकल आडवी टाकून विचारले, “बाबा, तुझा ब्रेक खराब आहे हे तुला माहीत होतं?” मला खोटे बोलता आले नाही.

गंमत पाहा, हा सारा खेळ ज्या उतारावर नावारूपाला आला त्याचे नावच देखभालीवरून पडले आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन काउंटीत फेअरफॅक्सजवळ एक उतार आहे, सुमारे दोन मैलांत १३०० फूट खाली येणारा. १९७६ पासून चार्ली केली, गॅरी फिशर, जो ब्रीझ ही मंडळी तिथे जुन्या, जाड टायरच्या सायकलींवर शर्यती लावत. उलटे पायडल मारून लागणारा तो ब्रेक इतका तापे की हबमधल्या ग्रीसचा धूर होई. खाली पोचल्यावर हब उघडून नवे ग्रीस भरावे लागे, म्हणजेच ‘रिपॅक’ करावे लागे. म्हणून तो उतारच रिपॅक. सायकल चालवायची तर हात काळे करावे लागतात, हे त्या पोरांना तेव्हाच ठाऊक होते.

आणि माझ्या बाबांनाही. दर रविवारी सकाळी ते सायकल अंगणात उलटी करत, चेनला शिलाई मशीनचे तेल सोडत, चाकाचा आउट पाहत. १९९२ मध्ये स्कूटर आली आणि तो रविवार बंद पडला.

माझा रविवार

प्लास्टर निघाल्यापासून तो मी पुन्हा सुरू केला आहे. वेळापत्रक असे:

दर वेळी निघण्यापूर्वी: टायरची हवा, दोन्ही ब्रेक, चाकांचे आस घट्ट आहेत का. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवायची. हँडलच्या नळीत खटखट लागली तर हेडसेट ढिला.

दर पंधरवड्याला: चेन फडक्याने पुसून तेल, आणि वरचे तेल पुन्हा पुसणे. तेलाचा फवारा डिस्कजवळ कधीही नको, पॅड तेलकट झाले की ब्रेक गेलाच. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. पॅडचा थर मिलिमीटरभर उरला की पॅड बदलावे.

दर महिन्याला: चेनची झीज. साधी फूटपट्टी पुरते. नव्या चेनच्या २४ पिनांचे अंतर बरोबर १२ इंच भरते. ते १/१६ इंचाने वाढले की ११-१२ गिअरवाल्यांनी चेन बदलावी. ३२ डॉलरची चेन वेळेवर बदलली नाही तर ती मागचे दातेरी चक्र खाते, आणि ते शंभर ते दोनशेचे, कधी त्याहूनही महाग. त्याच दिवशी सर्व बोल्ट टॉर्क पानाने तपासावे. हँडलच्या स्टेमला बहुधा ५ न्यूटन-मीटर पुरतात, नेमका आकडा भागावरच छापलेला असतो.

दर तीन-चार महिन्यांनी: ट्यूबलेस टायरमधला चीक वाळतो, तो नवा घालावा.

दर ५० तासांच्या आसपास: फोर्कच्या खालच्या नळ्यांतले तेल. काही कंपन्या याहून जास्त मुदत देतात, आपले पुस्तक पाहावे. मागचा शॉक वर्षातून एकदा दुकानात.

माझा वर्षाचा खर्च: चेन ३२, पॅडचे दोन जोड ४८, चीक १८, फोर्कचे तेल व सील ४०, शॉकचे काम १५०. एकूण २८८ डॉलर. शॉकचा पंप, टॉर्क पाना आणि किरकोळ हत्यारे एकदाच, १०२. शेजारी ते २६०० मांडा, म्हणजे या सदरात हा लेख का, ते कळेल.

जानेवारी २०२५ मध्ये माझे ए१सी ५.६ आले. श्रेय सगळे सायकलीचे नाही, रात्रीचा भातही सुटला आहे. पण सायकल दुखत असती तर मी ती चालवलीच नसती, हे नक्की.

आपल्यापैकी अनेकांच्या गॅरेजमध्ये उत्साहाने घेतलेली सायकल धूळ खात उभी असेल. चालवली की दुखते, म्हणून सोडली असेल. ती विकण्याआधी एकदा पट्टी घेऊन सीट आणि सॅग मोजा. अडले तर मला फोन करा, पंप घेऊन येतो. चहा मात्र बिनसाखरेचा लागेल! आणि रविवारी सकाळी येऊ नका म्हणालात तरी चालेल, कारण त्या वेळी मी अंगणात असतो. लेक पट्टी धरते, मी आकडा वाचतो, आणि निघण्यापूर्वी दोघांचे ब्रेक तीच तपासते.