पाक केव्हा उतरवावा?

उत्तर अमेरिकेच्या ईशान्य भागात, म्हणजे कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात आणि संयुक्त संस्थानांतील व्हर्मॉन्ट, न्यू हॅम्पशायर, न्यूयॉर्क आदी राज्यांत, हिवाळा सरत आला आणि रात्री पाणी गोठावे व दिवसा ते वितळावे असे हवामान जमू लागले, की मेपल वृक्षाच्या खोडास छिद्र पाडून पाझरणारा रस गोळा करण्याचा हंगाम सुरू होतो. ही विद्या मूळची तेथील आदिवासींची. युरोपीय वसाहतवाल्यांनी ती त्यांच्यापासून घेतली. आज या व्यवसायास मोठ्या कारखानदारीचे स्वरूप आले असले, तरी परसातील चारदोन झाडांचा रस अंगणातल्या चुलीवर आटवीत बसणारी कुटुंबे तेथे अद्यापि पुष्कळ आहेत, आणि हे विवेचन त्यांच्याच चुलीपुरते आहे.

या रसात साखरेचा अंश सामान्यतः शेकडा २ असतो. ८६ या आकड्यास रसातील साखरेच्या टक्केवारीने भागिले असता एक गॅलन पाकास किती गॅलन रस लागेल ते कळते, असा तेथील उत्पादकांचा ठोकळ हिशेब आहे. त्याप्रमाणे ४३ गॅलन रस आटवावा तेव्हा एक गॅलन पाक पदरात पडतो. कॅनडात तयार पाकाची घनता ६६ ते ६८.९ ब्रिक्स, म्हणजे वजनी शंभर भागांत तितके भाग साखर, अशी ठरलेली असून व्हर्मॉन्टचा कायदा ६६.९ च्या खाली उतरू देत नाही. ही मर्यादा केवळ सरकारी हट्टापायी घातलेली नव्हे: पाक पातळ राहिला तर आंबतो व त्यावर बुरशी धरते, अधिक दाट झाला तर बाटलीच्या तळाशी खडे जमतात. शिवाय ६० ब्रिक्सचा शंभर ग्रॅम पाक ६६.९ वर नेण्यास अवघे दहा ग्रॅम पाणी उडावे लागते, त्यामुळे दिवसभर रेंगाळलेले काम शेवटच्या काही क्षणांत हातचे निसटते.

आपल्या कोल्हापूरकडील गुऱ्हाळातला गुळव्या अशा वेळी उकळत्या काहिलीतील पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून त्याची गोळी वळते की नाही ते पाहतो, आणि मेपलचा जुना जाणता पाकाची पळी आडवी धरून तिच्या कडेवरून धार पडते की पदर लोंबतो याची पारख करतो. दोघांच्याही दृष्टीमागे आयुष्यभराच्या आधणांचा अनुभव उभा असतो. परंतु वर्षातून काही आठवडेच चूल पेटविणाऱ्या हौशी गृहस्थास तो कोठून लाभावा? उष्णतामापक त्याच्या कामी येतो, कारण पाण्याच्या उत्कलनबिंदूपेक्षा सुमारे ४ अंश सेल्सियस वर पाक तयार होतो. पण हा उत्कलनबिंदूच हवेच्या दाबाप्रमाणे व स्थळाच्या उंचीप्रमाणे ढळतो, म्हणून त्या दिवशी, त्याच जागी, प्रथम साधे पाणी उकळून तो ताडून पाहावा लागतो. यास्तव अखेरचा निवाडा हायड्रोमीटरकडे सोपविणे मला अधिक श्रेयस्कर वाटते.

हे उपकरण म्हणजे खाली वजन भरलेली व वर बारीक दांडा असलेली काचेची बंद नळी. द्रव जितका घन तितकी ती अधिक वर तरते. दांड्यातील कागदी पट्टीवर पृष्ठभाग ज्या आकड्याशी येतो तो वाचावयाचा. पट्टीवर ब्रिक्स किंवा बॉमे, अथवा दोन्ही परिमाणे असतात. त्यांपैकी दुसरे आंत्वान बॉमे या फ्रेंच औषधशास्त्रज्ञाने १७६८ साली काढिलेले. खरेदी करताना मेपलच्या पाकासाठीच केलेले उपकरण मागावे. मद्य गाळणाऱ्यांचे हायड्रोमीटर इतक्या दाट द्रवास पुरत नाही, आणि कच्च्या रसाचे निराळेच असते, कारण त्याची पट्टी खालच्या थोड्या आकड्यांतच संपते. पाकाच्या उपकरणावर बहुधा दोन तांबड्या रेषा असतात: एक ६६ च्या आसपासची, सुमारे १५.६ अंश सेल्सियसला निवालेल्या पाकासाठी, आणि दुसरी ५९ च्या सुमाराची, सुमारे ९९ अंशांवरील ऊन पाकासाठी; कारण उष्णतेने पाक प्रसरण पावून हलका होतो आणि नळी अधिक बुडते. व्हर्मॉन्टमध्ये विकावयाचे प्रत्येक हायड्रोमीटर तेथील कृषिखात्याकडून तपासून घ्यावे लागते. असा सरकारी दाखला असलेले मिळाले तर चार पैसे जास्त मोजण्यास हरकत नसावी.

मोजणीसाठी उंच, अरुंद असा धातूचा पेला घेऊन तो आधी गरम करावा, कढईवरच धरून काठोकाठ भरावा, आणि नळी वरून न टाकता बोटांत धरून अलगद सोडावी. अनेक नळ्या फुटतात त्या याच घाईने. नळी स्थिर होताच डोळा पृष्ठभागाच्या पातळीत आणून वाचन करावे, दांड्यालगत चढलेली कडा जमेस धरू नये. येथे विलंब घातक ठरतो, कारण पेला क्षणाक्षणाला निवत असतो आणि ऊन पाकाची रेषा त्या उष्णमानापुरतीच खरी असते. अन्यथा तक्ता पाहून दुरुस्ती करावी, अथवा त्या उष्णमानास कोणता आकडा यावयास हवा हे तबकडीवर दाखविणारा मर्फी नावाचा पेला वापरावा. पाक दाट झालाच तर थोडा रस मिसळून, ढवळून, पुन्हा मोजावा.

रसातील खनिजांचा जो साका पाक आटताना खाली बसतो, तो नळीलाही चिकटतो. त्याने नळी जड होऊन अधिक बुडते, आकडा कमी दिसतो, आणि मालक पाक अजून कच्चाच आहे असे समजून तो आटवीत राहतो. म्हणून कढत पाण्याने, व साका चढलाच असेल तर शिरक्याने, ती धुवावी. आतील कागद सरकला आहे काय हेही हंगामाच्या आरंभी पाहणे अगत्याचे आहे. कित्येक उपकरणांच्या काचेवर कोरलेली एक खूण असते, आणि पट्टीच्या वरच्या रेषेशी ती जुळली नाही तर ते हायड्रोमीटर दुरुस्तीच्या भानगडीत न पडता टाकून द्यावे.