फक्कीची रेघ आणि नऊच्या आतलं ऊन

विदर्भात एप्रिल-मेमध्ये सकाळी दहानंतर माळावर माणूस दिसला, तर तो एक तर बाहेरगावचा असतो, नाही तर अडचणीतला. आम्ही पहिल्या प्रकारातले होतो. गावानं आम्हाला दुसऱ्या प्रकारात जाऊ दिलं नाही, एवढंच.

2018 चा उन्हाळा. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपचं तिसरं वर्ष. 8 एप्रिल ते 22 मे एवढ्या दिवसांत गावानं स्वतःच्या शिवारात जमेल तेवढं जलसंधारण करायचं, अशी ही स्पर्धा. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातल्या काकडदऱ्यानं, कोलामांच्या छोट्या वस्तीनं, आदल्या वर्षी राज्यात पहिला नंबर काढला होता. त्यामुळे आसपासच्या गावांना चेव चढलेला. त्यातल्याच एका गावात आम्ही शहरातले काही जण ‘जलमित्र’ म्हणून गेलो होतो. टोप्या, हातमोजे, पाठीला सॅक, आणि मनात पक्कं बसलेलं की आपण खणायला आलो आहोत.

खणणं हा कामाचा शेवटचा आणि सगळ्यात सोपा भाग. खरं काम आदल्या संध्याकाळीच उरकलेलं असे, ते म्हणजे आखणी. उतारावर समान उंचीच्या जागा शोधून त्या जोडायच्या आणि त्या रेघेवर सलग समतल चर काढायचा. हत्यार साधंच. मोजपट्टी लावलेल्या दोन काठ्या आणि त्यांना जोडणारी पाण्यानं भरलेली पारदर्शक नळी. हायड्रोमार्कर म्हणतात त्याला. एक जण काठी धरून जागेवर उभा राहतो, दुसरा उतारावर वरखाली सरकत राहतो. दोन्हीकडे पाण्याची पातळी सारख्या आकड्यावर आली की तिथे फक्की टाकायची. प्रशिक्षण घेऊन आलेली गावातली दोन पोरं हे काम करत. नळीत एक बुडबुडा अडकला तरी माप चुकतं, आणि तापलेल्या पाण्यातून बुडबुडे सुटतात. म्हणून आखणी ऊन उतरल्यावर. पोरं टिचक्या मारत नळी झटकायची, डोळ्याला लावून बघायची, पुन्हा झटकायची. एवढा काटेकोरपणा कशाला, असं बघणाऱ्याला वाटे. पण चर एका टोकाला जरासा उतरता झाला, तर पाणी जागच्या जागी मुरायचं सोडून त्या टोकाकडे धावतं, भराव फोडतं आणि खाली नवी घळ पाडतं. वाकडा चर खणण्यापेक्षा घरी झोपलेलं बरं.

रुंदी दोन फूट, खोली एक फूट. म्हणजे मीटरभर लांबीत साधारण 180 लिटर पाणी, तेही दर मोठ्या पावसागणिक. माती उताराच्या बाजूला, काठापासून वीतभर सोडून टाकायची. काठावरच टाकली, तर पहिल्या सरीत ती पुन्हा चरातच. वरचा चार बोटं थर भुसभुशीत, खाली मुरूम, आणि मुरमात मध्येच काळा दगड. तिथे टिकास वाजायची आणि कोपरापर्यंत मुंग्या यायच्या. माझ्या शेजारी खणणाऱ्या बाईंनी थोडा वेळ माझी झटापट पाहिली आणि म्हणाल्या, “माय, येवढ्या जोरानं नोको मारू व. आपल्याच वजनानं पडू दे तिले.” त्यांचा स्वतःचा घाव संथ होता, पण थांबत नसे. तासाभरात त्यांचा चर माझ्या दुप्पट झाला होता.

काम पहाटे पाचला सुरू आणि नऊच्या आत बंद. पारा 44 च्या पुढे जाणाऱ्या मुलखात हे वेळापत्रक वाटाघाटीचं नसतं. इथली हवा कोरडी. घाम आला हे कळायच्या आतच तो उडून जातो, अंगावर नुसतं मिठाचं पांढरं उरतं. त्यामुळे नवख्याला वाटतं आपल्याला काही होत नाहीये. अंगाला असं ऊन सरावाचं व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि आम्ही आलेलो चार दिवसांसाठी. गाववाल्यांना हे पुस्तकातून शिकावं लागलेलं नव्हतं. कुणी जास्तच गप्प झालं किंवा असंबद्ध बोलू लागलं की त्याच्या हातातलं घमेलं काढून घ्यायचं, पळसाखाली बसवायचं, ओला दुपट्टा डोक्यावर टाकायचा. दर अर्ध्या तासानं मीठ-साखरेचं पाणी फिरे. नको म्हणायची सोय नव्हती. म्हाताऱ्यांच्या खिशात कांदा असे. कांद्यानं ऊन लागत नाही यावर माझा विश्वास नाही, पण खिशात कांदा ठेवणारा माणूस उन्हाला घाबरून असतो, हा फायदा मोठाच.

1 मेच्या महाश्रमदानाला शहरांतून गाड्या भरभरून आल्या. त्या दिवशी आम्ही पाहुण्यांनी जेवढी माती उचलली, त्याहून जास्त पाणी प्यालो असू. आणि ते पाणी टँकरचं. पोहे, चहा, सावलीचा मंडप, हत्यारं पुरवणं, फोटो, सगळं गावावर. तरी गावाला पाहुणे हवे असत. आठवडे उलटले की गावातली हजेरी रोडावते, रुसवेफुगवे सुरू होतात. बाहेरचे चार जण आले की घरी बसलेलेही लाजेकाजेस्तव माळावर येतात. आमचा उपयोग असलाच तर तेवढा.

टिकास शिकवणाऱ्या त्या बाईंना जमीन नव्हती. मी विचारलं, मग कशासाठी एवढं? “पाणी मुरन त इहिरवाल्याईच्या इहिरीत,” त्या म्हणाल्या. “आमाले काय, हंडा लवकर भरन.” तक्रारीचा सूर नव्हता, हिशेब होता. हा हिशेब स्पर्धेच्या गुणांत कुठे बसतो, हे मला अजून सापडलेलं नाही. घाम सगळ्यांचा आणि वाढीव पिकाचा पैसा ज्यांच्याकडे वावर-विहीर त्यांचा, ही गोष्ट व्यासपीठावरच्या भाषणांत येत नाही.

आणि वावरवाल्यांकडूनच काम अडे. एका संध्याकाळी रेघ एका गड्याच्या पडीक जमिनीशी येऊन थांबली. चर माझ्या धुऱ्याच्या पलीकडून न्या, म्हणाला, दोन हातांनी काय बिघडतं? पोरांनी वाद घातला नाही. एक काठी त्याच्याच हातात दिली आणि त्याला हव्या त्या जागी उभं केलं. नळीतलं पाणी त्याच्या बाजूला वर चढलं. तो पुढे सरकला, मागे आला, खाली वाकून आकडा पाहिला. पातळी जुळली ती जमिनीच्या मधोमध.

“मारा मंग फक्की,” तो म्हणाला. “पण पायटीच मारा. बुडी उठ्याच्या अगुदर.”