भरपाईसाठी निकालाची वाट कशाला?

प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, बहुतेक ठिकाणी न्यायालयाच्याच आवारात. 'गरिबांना फुकट वकील देतात ते ऑफिस' एवढीच त्याची ओळख. गुन्ह्यात होरपळलेल्या माणसाला सरकारी तिजोरीतून किती भरपाई द्यायची, हेही इथेच ठरतं. अनेक कुटुंबांना ते कळतच नाही, कारण त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

सगळ्यात जास्त नुकसान करणारा समज असा की, आरोपीला शिक्षा झाली तरच पैसे मिळतात. कायदा तसं म्हणत नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेत २००८ च्या दुरुस्तीने कलम ३५७-अ आलं आणि ते ३१ डिसेंबर २००९ पासून लागू झालं. १ जुलै २०२४ पासून तीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ मध्ये आहे. आरोपी निर्दोष सुटला तरी न्यायालय भरपाईची शिफारस करू शकतं. आरोपी सापडलाच नाही, खटला उभाच राहिला नाही, तरी पीडित व्यक्ती किंवा तिच्यावर अवलंबून असलेले नातेवाईक थेट प्राधिकरणाकडे अर्ज करू शकतात. त्यावरची चौकशी दोन महिन्यांत संपवायची असते. तोवर प्रथमोपचार, औषधपाणी आणि अंतरिम मदतीचा आदेशही देता येतो.

बालकांच्या बाबतीत कायदा आणखी पुढे जातो. बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्याच्या २०२० च्या नियमांनुसार एफआयआर नोंदवल्यानंतर कोणत्याही टप्प्यावर विशेष न्यायालय अंतरिम भरपाई देऊ शकतं आणि आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत सरकारने ती द्यायची आहे.

हा पैसा आरोपीच्या दंडातून येतो, असंही अनेकांना वाटतं. दंडातून भरपाई देण्याची तरतूद वेगळी आहे. इथे पैसा राज्याचा असतो. नागरिकाचं रक्षण करणं हे राज्याचं काम; ते झालं नाही म्हणून राज्य देणं लागतं. यात उपकाराचा प्रश्नच नाही. म्हणूनच 'पैसे घेतले म्हणजे केस मिटवली' ही गावात हमखास उठणारी कुजबुज निखालस खोटी आहे. सरकारी भरपाई घेतल्याने तक्रार मागे जात नाही, खटला थांबत नाही, साक्षही कमकुवत होत नाही. या एका कुजबुजीपायी एखाद्या बाईने उपचाराचे पैसे नाकारावेत, यासारखा अन्याय नाही.

निर्भया निधीबद्दलही असाच गैरसमज आहे. २०१३ च्या अर्थसंकल्पात १,००० कोटी रुपयांनी सुरू झालेला हा निधी पीडितांना वाटायचा पैसा आहे, असं समजलं जातं. प्रत्यक्षात त्यातून मुख्यतः यंत्रणा उभ्या राहतात: १८१ ही महिला हेल्पलाइन, तसंच 'सखी' वन स्टॉप सेंटर, जिथे उपचार, पोलीस मदत, कायदेशीर सल्ला, समुपदेशन आणि काही दिवसांचा निवारा एका छताखाली मिळायला हवा. राज्यांच्या भरपाई योजनांना हातभार म्हणून केंद्राने त्याच निधीतून एकदाच २०० कोटी रुपये दिले.

महाराष्ट्रात बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ल्याच्या पीडितांसाठी मनोधैर्य योजना २ ऑक्टोबर २०१३ पासून आहे. म्हणून भरपाई फक्त महिलांना, असं मात्र नाही. कलम ३९६ मधला 'पीडित' स्त्री-पुरुष भेद करत नाही. खून झालेल्या कमावत्या माणसाच्या घरच्यांनाही राज्याच्या भरपाई योजनेत अर्ज करता येतो. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचारांसाठी १९९५ च्या नियमांखाली वेगळं अर्थसाहाय्य आहे.

रक्कम मंजूर झाली म्हणजे सगळी लगेच हातात येते, असं नाही. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०१८ च्या महिलांसाठीच्या योजनेत ७५ टक्के रक्कम किमान तीन वर्षं मुदत ठेवीत ठेवायची आहे, पण शिक्षण वा उपचारासाठी ती आधी काढण्याची परवानगी मिळू शकते. पैसा नातेवाइकांनी उधळू नये म्हणून ही सोय आहे. बँकेने अडवून ठेवलं, असं समजू नये.

आणि दवाखाना. 'आधी पोलीस केस करून या' असं बलात्कार किंवा ॲसिड हल्ल्याच्या पीडितेला कोणतंही रुग्णालय म्हणू शकत नाही. सरकारी असो वा खासगी, प्रथमोपचार आणि उपचार तत्काळ व मोफत द्यायचे आणि पोलिसांना कळवायचं काम रुग्णालयाचं. नकार दिल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २०० नुसार एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

अर्जासाठी दलालाला एक रुपयाही देऊ नका. महिला, बालकं आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना उत्पन्न कितीही असलं तरी सरकारी खर्चाने वकील मिळतो. एफआयआरची प्रत, वैद्यकीय कागद, ओळखपत्र आणि बँक पासबुक सोबत घ्या आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. जाणं जमत नसेल तर १५१०० हा टोल-फ्री क्रमांक फिरवा. अर्जाला मुदत असते, म्हणून हे पहिल्या आठवड्यातच करा.