भुवया गोंदवून घेण्याआधी

आज बोलायचं आहे ते चेहऱ्यावरच्या एका नव्या हौसेबद्दल. नवी म्हणते खरी, पण तिचं मूळ जुनंच आहे. आपल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, सत्तरी ओलांडलेल्या बायकांच्या कपाळाकडे जरा पाहा. दोन भुवयांच्या मध्ये हिरवट निळा ठिपका, हनुवटीवर एखादा, हातावर तुळशीवृंदावन नाहीतर मालकांचं नाव. मढीची कानिफनाथांची यात्रा असो की गावचा उरूस, रहाटपाळण्याच्या आसपास गोंदणारा बसलेला असायचाच. पूर्वी सुया एकत्र बांधून, दिव्याची काजळी पाल्याच्या रसात कालवून गोंदत. पुढे बॅटरीवर चालणारं यंत्र आलं. मेल्यावर सोबत येणारा दागिना एवढाच, असं म्हाताऱ्या सांगत.

आज नगर शहरात, आणि तालुक्याच्या गावीही, पार्लरच्या पाटीवर ‘पर्मनंट मेकअप’ हे शब्द दिसतात. मायक्रोब्लेडिंग, लिप ब्लश, पर्मनंट आयलायनर अशी त्याची नावं. नावं कितीही नाजूक असोत, काम तेच आहे. सुईनं कातडीत रंग सोडायचा. म्हणजे गोंदण. फरक इतकाच की आजीचं गोंदण लपवायचं नसे, आणि हे गोंदण गोंदण वाटू नये अशी अपेक्षा असते.

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. माझ्या दवाखान्यात एकाच दिवशी दोन तऱ्हेच्या बायका येतात. एकीला कपाळावरचं लहानपणीचं गोंदण लेझरनं काढून हवं असतं, कारण ऑफिसात बरं दिसत नाही. दुसरी विचारते, “डॉक्टर, भुवया कायमच्या करून घेऊ का?” या दुसरीला मी नाही म्हणत नाही. काही गोष्टी मात्र विचारते, सांगते. त्याच आज तुमच्यापुढे ठेवते.

पहिला प्रश्न: भुवया विरळ का झाल्या? वर्षानुवर्षं थ्रेडिंग करून झाल्या असतील, तर काळजीचं कारण नाही. पण भुवईची बाहेरची बाजू झडू लागली की थायरॉईड तपासावं लागतं. भुवईत नाण्याएवढी चाई पडते, तीही औषधानं बरेचदा भरते. आणि एक कारण असं आहे की जे ऐकायला कोणाला आवडत नाही. कुष्ठरोग. हा रोग आपल्याकडून गेला, असं पुष्कळांना वाटतं. तो गेलेला नाही. काही वर्षांपूर्वी राहुरीकडची एक बाई भुवया रंगवायचा सल्ला विचारायला आली होती. पार्लरमध्ये वेळसुद्धा ठरली होती. दोन्ही भुवया जवळजवळ गेलेल्या, कानाच्या पाळ्या किंचित जाड. मी हात पुढे करायला सांगितले, तर करंगळीच्या बाजूला तिला कापसाचा स्पर्श कळत नव्हता. चुलीचा चटका बसला तरी समजत नाही, हे तिनंच मग सांगितलं. तपासणीत निदान पक्कं झालं. सरकारी दवाखान्यातली मोफत औषधं तिनं बारा महिने घेतली. त्या भुवया तशाच रंगवल्या असत्या, तर चेहरा सुंदर दिसला असता आणि हाताची बोटं वाकडी होईपर्यंत रोग कोणाच्या लक्षात आला नसता. आता तिच्या भुवया रंगवायला माझी काही हरकत नाही. म्हणून सांगते, विरळ भुवया आधी डॉक्टरला दाखवा, मग पार्लरला.

आता हा रंग टिकतो कसा ते पाहू. आपली वरची कातडी साधारण महिन्याभरात नवी होते, जुनी झडून जाते. रंग तिथंच राहिला तर तोही झडेल. म्हणून सुई तिच्याखालच्या थरात जावी लागते. तिथं शरीराच्या पहारेकरी पेशी रंगाचे कण परके समजून गिळतात. पण पचवू शकत नाहीत. पोटात घेऊन बसून राहतात. फ्रान्समधल्या मार्सेय इथल्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये उंदरांवर दाखवून दिलं, की अशी पेशी मेली की तिचा रंग शेजारची नवी पेशी गिळते. म्हणजे हा वारसाहक्कानं चालणारा रंग आहे! काही कण तिथून निसटून जवळच्या लसिकाग्रंथींत जाऊन बसतात.

त्यामुळे ‘पर्मनंट’ हा शब्द दोन्ही बाजूंनी फसवा आहे. सुबक दिसणारी भुवई साधारण वर्ष ते तीन वर्षं टिकते, पुन्हा रंग भरावा लागतो. पण रंग पूर्ण जातो असंही नाही. काळा रंग निळसर-राखी होतो, तपकिरी रंग कधी तांबूस-नारिंगी दिसू लागतो. शिवाय भुवईचा आकार फॅशनप्रमाणे बदलतो. नव्वदच्या दशकातल्या लग्नाच्या अल्बममधल्या बारीक, धाग्यासारख्या भुवया आठवा. त्या तेव्हा कोणी गोंदवून घेतल्या असत्या तर? चेहराही वयानुसार खाली ओघळतो, आणि रंग त्याच्याबरोबर सरकतो.

“नाही आवडलं तर लेझरनं काढू की,” असं पार्लरमध्ये सहज सांगितलं जातं. इथं मला जरा थांबून बोलायचं आहे. आजीचं काजळीचं गोंदण लेझरनं बऱ्यापैकी निघतं. काजळी म्हणजे बहुतांशी कार्बन, लेझरचा प्रकाश ती चांगला शोषते आणि फुटते. काही आठवड्यांच्या अंतरानं अनेक वेळा यावं लागतं, पण निघतं. पर्मनंट मेकअपच्या तपकिरी, गुलाबी, कातडीच्या रंगाच्या शाईत मात्र लोहाचे ऑक्साईड आणि टिटॅनियमची पांढरी भुकटी मिसळलेली असते. त्यावर लेझर पडला की लाल लोह काळं पडू शकतं, पांढरं टिटॅनियम निळसर-राखी. म्हणजे ओठांवरची गुलाबी छटा काढायला गेलं आणि क्षणात ओठ काळे झाले, असं घडू शकतं. म्हणून आम्ही आधी कोपऱ्यात एका ठिपक्यावर करून पाहतो. त्यातून आपली सावळी कातडी. लेझरनंतर डाग पडण्याचा किंवा पांढरी पडण्याचा धोका गोऱ्या कातडीपेक्षा जास्त. जत्रेतल्या दहा-वीस रुपयांच्या काजळीपेक्षा हजारो रुपयांची शाई काढायला कठीण, अशी ही गंमत आहे. गंमत पाहणाऱ्याला, जिच्या ओठांवर घडते तिला नाही.

शाईत काय आहे, हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे २००३-०४ च्या सुमारास पर्मनंट मेकअपच्या काही छटांबद्दल दीडशेहून अधिक तक्रारी आल्या होत्या. सूज, खाज, गाठी, चेहऱ्यावर व्रण. युरोपीय संघानं जानेवारी २०२२ पासून गोंदणाच्या आणि पर्मनंट मेकअपच्या शाईतल्या हजारो रसायनांवर निर्बंध घातले. आपल्याकडे पार्लरच्या भिंतीवर जो ‘शॉप अ‍ॅक्ट’चा कागद टांगलेला असतो, तो दुकानाचा आहे, शाईबद्दल किंवा सुई धरणाऱ्या हाताबद्दल तो काही सांगत नाही. तेव्हा बाटली मागा. नाव, बॅच नंबर, मुदत, घटक असलेलं लेबल आहे का ते बघा आणि मोबाईलवर त्याचा फोटो काढून ठेवा. पुढे काही झालं तर तो फोटो डॉक्टरला फार उपयोगी पडतो. शाईची चाचणी आधी कानामागे करतात, ती करून घ्या. पण ती ठीक निघाली म्हणजे सुटलो असं नाही. ॲलर्जी काही महिन्यांनी, कधी वर्षांनीही उठते. रंगवलेल्या जागीच कठीण गाठी उठल्या तर तुकडा काढून तपासावा लागतो.

जंतुसंसर्गाची गोष्ट याहून गंभीर. ‘आमची सुई नवी असते’ एवढ्यानं भागत नाही. अमेरिकेत रॉचेस्टर शहरात २०११ च्या अखेरीस एकाच कलाकाराकडे गोंदवून घेतलेल्या १९ जणांच्या कातडीवर चिवट पुरळ उठलं. त्याचा दोष नव्हता. कारखान्यातून आलेल्या तयार राखी शाईतच क्षयाच्या जंतूच्या कुळातला, पाण्यात राहणारा एक जंतू होता. शाई पातळ करायला नळाचं नाहीतर जारचं पाणी घालणं किती धोक्याचं, ते यावरून कळावं. सुई नवी, ती तुमच्यासमोर फोडलेल्या पाकिटातली. शाई तुमच्यापुरती छोट्या कपात काढलेली, उरलेली बाटलीत परत न ओतलेली. हातमोजे नवे, आणि मध्येच मोबाईल उचलला तर बदललेले. एवढं दिसलं नाही तर उठून या. पैसे भरले म्हणून बसून राहू नका. सुईवाटे कावीळ ‘ब’, ‘क’ आणि एचआयव्ही पसरू शकतात, आणि नुसतं स्पिरिटनं पुसून किंवा उकळून त्यांचा भरवसा देता येत नाही. कावीळ ‘ब’ची लस राष्ट्रीय लसीकरणात देशभर आली ती २०११ पासून. म्हणजे आज लग्नाला उभ्या असलेल्या बहुतेक मुलींना ती बाळपणी मिळालेली असेलच असं नाही. तीन डोस, सहा महिने लागतात. भुवया करा न करा, ती लस घेऊन ठेवाच.

लग्नावरून आठवलं. तुळशीचं लग्न लागलं की आमच्याकडे अशा मुली येऊ लागतात. लग्नाच्या आठ दिवस आधी भुवया करून घेतलेल्या, खपल्या धरलेल्या, आणि त्यावर हळद लागलेली. ओल्या जखमेवर हळद-तेल, वरून घाम, पाहुण्यांचे हात. पिकणार नाही तर काय होईल? पहिले आठ-दहा दिवस रंग गडद आणि भडक दिसतो, मग खपली पडते, रंग फिकट होतो. महिना-दीड महिन्यानं दुसऱ्यांदा हात फिरवावा लागतो. सगळं बसायला दोन महिने धरा. तेवढा वेळ नसेल तर साधी पेन्सिल वापरा. फोटोत फरक कळत नाही. खपली काढायची नाही, साबण-क्रीम चोळायचं नाही, आणि उन्हात, शेतात, उसाच्या पाचटात, धुळीत काम करणाऱ्या बाईनं ते दहा दिवस खरंच सुट्टी मिळणार असेल तरच हे करावं.

बधिर करणाऱ्या मलमाबद्दल फारसं कोणी बोलत नाही. ओठांवर, भुवयांवर ते थापून वर प्लास्टिक गुंडाळतात. जास्त तीव्रतेचं मलम जास्त वेळ ठेवलं तर औषध रक्तात उतरतं; हृदयाची लय बिघडणं, झटके येणं असे प्रकार होऊ शकतात. अमेरिकेत २०२४ मध्ये अशा मलमांविषयी जाहीर इशारा दिला गेला, आणि त्यात मायक्रोब्लेडिंगचा उल्लेख होता. काही मलमं डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते. पापणीच्या कडेला आयलायनर गोंदवणं हे म्हणूनच मला सर्वांत कमी पसंत. तिथं सुई आणि डोळा यांच्यात अंतरच नसतं.

काहींनी हे करूच नये, निदान आत्ता करू नये. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका. साखर आटोक्यात नसलेले. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेले. कान टोचला तरी गाठ वाढते अशी ज्यांची कातडी आहे ते. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरला विचारल्याशिवाय नको. तापानंतर ज्यांच्या ओठाच्या कडेला पाण्याचे फोड उठतात, त्यांनी ओठ रंगवण्याआधी औषध सुरू करावं, नाहीतर फोड सगळ्या ओठभर पसरतात. आणि मेडिकलमधून परस्पर ट्यूब आणून गोरेपणासाठी लावणाऱ्या मुली, ज्या आपल्याकडे घरोघरी आहेत, त्यांची कातडी स्टेरॉईडनं इतकी पातळ झालेली असते की सुई कुठवर जाईल सांगता येत नाही. आधी ती ट्यूब सोडवावी लागते.

एका ठिकाणी मात्र मी स्वतः हे करायला सांगते. ओठांवर किंवा बोटांच्या टोकांवर कोड असतं, औषधानं हटत नाही. अशा जागी कातडीच्या रंगाची शाई भरण्याची पद्धत त्वचारोगतज्ज्ञ पुष्कळ वर्षांपासून वापरतात. कोड म्हटलं की मुलीचं लग्न अडतं, हे मी दवाखान्यात बसून रोज पाहते. कोड हा संसर्गजन्य नाही, हे सांगून सांगून आमचा घसा बसला, तरी अडतं. त्या मुलीला ओठांवरचा पांढरा डाग झाकून निर्धास्त हसता आलं, तर ती हौस म्हणून सोडून द्यायची गोष्ट नव्हे. अट एकच. कोड किमान वर्षभर वाढलेलं नसावं. वाढत्या कोडात सुई टोचली तर टोचलेल्या जागीच नवा डाग उठतो.

दोन बारीक गोष्टी राहिल्या. एमआरआय करायची वेळ आली तर भुवया किंवा आयलायनर गोंदवलेलं आहे हे तिथल्या तंत्रज्ञाला सांगा. लोहामुळे क्वचित जागा गरम लागते. पण त्या भीतीनं तपासणी टाळू नका. आणि गोंदवल्यावर वर्षभर रक्तदान करता येत नाही. शिबिरात अर्ज भरताना भुवया गोंदवल्याचं पुष्कळजणी लिहीत नाहीत, कारण त्याला गोंदण म्हणतात हेच त्यांना माहीत नसतं.