रामनवमीला संदल मिरवणूक! शिर्डीत ही प्रथा सुरू कशी झाली?

अहिल्यानगर : शिर्डीत रामनवमीला दोन मिरवणुका निघतात. एक निशाणांची, दुसरी संदलची. एक जत्रेतली, दुसरी उरुसातली. दोन्ही पोहोचतात द्वारकामाईत, म्हणजे साईबाबा राहायचे त्या मशिदीत. ही सगळी बाबांची किमया, असं अनेक भाविक मानतात. पण तिच्यामागे परवानगीचे अर्ज होते, पाण्याची सोय होती आणि गावकऱ्यांची बरीच धावपळ होती.

1897 मध्ये काय घडलं?

'श्री साईसच्चरिता'च्या सहाव्या अध्यायात याची हकीगत आहे. कोपरगावचे सर्कल इन्स्पेक्टर गोपाळराव गुंड यांना बऱ्याच वर्षांनी मुलगा झाला. त्या आनंदात शिर्डीत उरूस भरवावा, असं त्यांनी सुचवलं. तात्या पाटील, दादा कोते पाटील आणि माधवराव देशपांडे यांना कल्पना पटली, बाबांनीही होकार दिला.

अडचण आली ती कागदावर. गावच्या कुलकर्ण्यांनी विरोधी अहवाल दिला आणि कलेक्टरने परवानगी नाकारली. मंडळींनी प्रयत्न सोडले नाहीत, शेवटी परवानगी मिळाली. दिवस ठरला रामनवमीचा.

पुढचा प्रश्न पाण्याचा. गावात विहिरी दोनच. एक आटायची, दुसरीचं पाणी खारट. म्हणून तात्या पाटलांनी बाहेरच्या विहिरींवर मोट लावून पाणी आणलं. तात्पुरती दुकानं लागली, कुस्त्यांचा फड रंगला. एक निशाण नगरच्या दामूअण्णा कासारांनी दिलं, दुसरं नानासाहेब निमोणकरांनी.

संदलची कल्पना कोऱ्हाळ्याच्या अमीर शक्कर दलाल यांची. मुस्लिम संतांच्या सन्मानार्थ उगाळलेलं चंदन ताटात घेऊन, धूप जाळत, वाजतगाजत गावातून मिरवायचं आणि मशिदीत आणायचं, अशी ही पद्धत. 1912 मध्ये कृष्णराव भीष्म यांच्या सूचनेवरून त्याच दिवशी रामजन्माचं कीर्तन सुरू झालं. हळूहळू उरूस मागे पडला आणि रामनवमी पुढे आली. संस्थानही आज 'श्रीरामनवमी उत्सव' असंच म्हणतं. संदल मात्र टिकली.

एकत्र येण्याने पूर्वग्रह कमी होतात का?

नुसतं एकत्र येऊन नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 मध्ये त्यासाठी चार अटी मांडल्या : दोन्ही गटांना बरोबरीचं स्थान, समान उद्दिष्ट, ते गाठण्यासाठी एकमेकांचं सहकार्य आणि प्रशासन किंवा कायद्याचा पाठिंबा. थोडक्यात, एका ताटात शिरखुर्मा खाऊन फोटो काढला की काम झालं, असं होत नाही. शिर्डीत पूर्वग्रह किती घटले हे कोणी मोजलेलं नाही. पण या अटी समोर ठेवल्या, तर परवानगीसाठीची ती खटपट किती मोलाची होती हे कळतं.

तणाव वाढल्यावर काय उपयोगी पडतं?

राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी भारतातल्या सहा शहरांचा अभ्यास केला. त्यांचा निष्कर्ष असा की, शेजारपाजारची ओळख चांगलीच, पण मोठ्या तणावात तग धरतात त्या दोन्ही समाजांच्या सामायिक संस्था : व्यापारी संघ, कामगार संघटना, क्लब.

महाराष्ट्रातलं याच्या जवळ जाणारं उदाहरण भिवंडीचं. 1984 च्या दंगलीत हे शहर होरपळलं होतं. 1988 मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभारल्या. दोन्ही समाजांतले सामान्य रहिवासी आणि पोलीस एकत्र बसू लागले. बैठका शांततेच्या काळातच सुरू झाल्या, हे महत्त्वाचं. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये शेजारची मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली.

आता हा विषय का?

कारण याच जिल्ह्यातली मढी. पाथर्डी तालुक्यातल्या या गावात कानिफनाथांची समाधी आहे. काही मुस्लिम भाविक तिथे शाह रमजान यांना मानतात. फेब्रुवारी 2025 मध्ये मढीच्या ग्रामसभेने यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना दुकानं लावू न देण्याचा ठराव केला. गटविकास अधिकाऱ्यांनी तो रद्द केला, वाद मात्र पेटला. यात्रेच्या दुकानांवर अनेक कुटुंबांची वर्षभराची कमाई अवलंबून असते.

मढीची यात्रा होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत चालते. ती संपली की जेमतेम आठवडाभराने, त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, शिर्डीत संदलचं ताट निघतं.