बेताच्या पैशांत गोल हिरा

साखरपुड्याची अंगठी म्हटली की अमेरिकेत डोळ्यांपुढे येतो तो एकच गोल हिरा, धातूच्या बारीक प्राँगवर उंच उचलून धरलेला. न्यूयॉर्कच्या टिफनी पेढीने १८८६ साली सहा प्राँगची ही घडण बाजारात आणली. लग्न ठरले की हिरा हवाच, हा समज मात्र बऱ्याच उशिरा आणि जाहिरातींच्या जोरावर रुजला. डी बिअर्स या खाण कंपनीसाठी फ्रान्सिस गेरेटी यांनी १९४७ मध्ये लिहिलेले, हिऱ्याला चिरंतन ठरवणारे घोषवाक्य आजही चालू आहे. अंगठीवर दोन महिन्यांचा पगार खर्चावा, हा १९८०च्या दशकात रूढ झालेला दंडकही त्याच कंपनीच्या जाहिरातींतला. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांतही साखरपुड्याला आता हिऱ्याची अंगठी दिसते. तिच्याबरोबर येणारा हा पगाराचा दंडक मात्र बिनदिक्कत बाजूला ठेवावा. खर्च किती करायचा हे घरच्या हिशेबाने ठरले की मग त्या रकमेत कोणता हिरा घ्यायचा, एवढेच पाहायचे उरते.

हिऱ्याची किंमत वजन, रंग, शुद्धता आणि पैलूंची घडण या चार गोष्टींवर ठरते. ही चौकट रूढ केली जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका, म्हणजे जीआयए या संस्थेने. रॉबर्ट शिपली यांनी १९३१ मध्ये लॉस एंजेलिसला तिची स्थापना केली. आज तिचे मुख्यालय कॅलिफोर्नियातच कार्ल्सबादला आहे. दुकानात या चारही गोष्टी सारख्याच मोलाच्या असल्यासारख्या सांगितल्या जातात. तशा त्या नाहीत. काहींसाठी मोजलेले पैसे बोटावर दिसतात, काहींसाठी मोजलेले फक्त प्रमाणपत्राच्या कागदावर दिसतात. पैसे बेताचे असतील तेव्हा हा फरक ओळखणे हेच मुख्य काम.

सर्वांत जास्त दिसते ती पैलूंची घडण. हिऱ्याचा अपवर्तनांक २.४२ आहे, म्हणजे आत शिरताना प्रकाश बराच वाकतो. आतून तो तळाच्या पैलूवर २४.४ अंशांपेक्षा तिरका आदळला, तर बाहेर न निसटता उलट फिरतो. खालच्या पैलूंचा कोन नीट साधला असेल तर वरून आलेला प्रकाश आत दोनदा परावर्तित होऊन पुन्हा वरूनच बाहेर पडतो, आणि हिरा लखलखतो. कोन चुकला की तो प्रकाश तळातून किंवा बाजूने गळून जातो. खालचा भाग फार उथळ असेल तर कडेच्या कमरपट्ट्याचे प्रतिबिंब वरच्या सपाट पैलूत करड्या कड्यासारखे दिसते. फार खोल असेल तर मधोमध काळोख दाटतो. अशा हिऱ्याचा रंग आणि शुद्धता कितीही वरच्या दर्जाची असली तरी तो निर्जीवच दिसतो.

गोल हिऱ्याला नेहमीच्या पद्धतीत ५७ पैलू असतात, अगदी तळाच्या टोकालाही एक पाडला तर ५८. अँटवर्पच्या हिरेघासणाऱ्यांच्या घराण्यातले मार्सेल टोल्कोव्स्की यांनी १९१९ मध्ये गणित मांडून या पैलूंची मापे सुचवली: वरचा सपाट पैलू, ज्याला टेबल म्हणतात, तो व्यासाच्या ५३ टक्के, वरच्या भागाचा उतार ३४.५ अंश आणि खालच्या भागाचा ४०.७५ अंश. पुढे यात थोडीफार फेरफार झाली, पण शंभर वर्षांनंतरही उत्तम हिरे या आकड्यांच्या आसपासच सापडतात.

गोल हिरा घेणाऱ्याला इथे एक मोठी सोय आहे. जीआयएने २००६पासून प्रमाणपत्रावर पैलूंच्या घडणीचीही श्रेणी द्यायला सुरुवात केली, आणि ती प्रमाणित गोल घडणीच्या हिऱ्यासाठी. लांबट किंवा चौकोनी आकारांत असा आधार नसल्याने डोळ्यांवर विसंबावे लागते. पाच श्रेणींत सर्वांत वरची ‘एक्सलंट’. तिच्या खाली उतरून पैसे वाचवणे हा बहुतेक वेळा तोट्याचा सौदा ठरतो. पण एक्सलंटचा पट्टाही बराच रुंद आहे, त्यात काठावर पास झालेले हिरेही बसतात. म्हणून प्रमाणपत्रावरचे आकडे स्वतः वाचावेत. टेबल ५४ ते ५८ टक्के, एकूण खोली साधारण ६० ते ६२.५ टक्के, वरचा कोन ३४ ते ३५ अंश आणि खालचा ४०.६ ते ४१ अंश असेल तर निवड सहसा फसत नाही. दोन्ही कोन एकमेकांना सांभाळून घेतात: वरचा थोडा चढा असेल तर खालचा थोडा उतरता चालतो. दोन्ही चढे असले की हिरा जड भरतो, पण प्रकाश गळतो.

असे जड हिरे बाजारात येतात त्यालाही कारण आहे. कच्च्या खड्यातून गोल हिरा काढताना निम्म्याहून अधिक वजन भुकटीत जाते. त्यातून कारागिराला एक कॅरेटचा आकडा गाठायचा असतो, कारण १.०० आणि ०.९७ यांच्या भावात मोठी उडी असते. मग पोटाशी किंवा कमरपट्ट्यावर जाडी ठेवून वजन राखले जाते. ग्राहक एका कॅरेटचे पैसे मोजतो आणि त्याला दिसतो ०.९० कॅरेटएवढा हिरा.

कॅरेट हे वजनाचे माप आहे, आकाराचे नव्हे. एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, आणि त्याचा शंभरावा भाग म्हणजे सेंट. नीट घडवलेल्या एक कॅरेटच्या गोल हिऱ्याचा व्यास सुमारे ६.५ मिलिमीटर, ०.९० कॅरेटचा सुमारे ६.२ आणि अर्ध्या कॅरेटचा ५.१ च्या आसपास असतो. पाव-अर्ध्या मिलिमीटरचा फरक बोटावर कुणाला कळत नाही, बिलावर मात्र ठळक दिसतो. भावाच्या पायऱ्या ०.५०, ०.७०, ०.९०, १.००, १.५० अशा आकड्यांवर असतात, कारण व्यापाऱ्यांचे भावपत्रकच तसे गटवार छापले जाते. न्यूयॉर्कच्या मार्टिन रापापोर्ट यांनी १९७८ मध्ये सुरू केलेले हे पत्रक दर आठवड्याला निघते, आणि घाऊक व्यवहार त्यातल्या भावावर किती टक्के सूट, या भाषेत चालतात. म्हणून पायरीच्या किंचित खालचा हिरा शोधावा: ०.९६, ०.८७, ०.६८. असे हिरे कमी मिळतात, कारण कारागीर शक्यतो ते आकडे टाळतो. शोधायला वेळ द्यावा लागतो. दुकानातल्या चिठ्ठीवर वजन अपूर्णांकात लिहिले असेल तर प्रत्यक्ष आकडा विचारून घ्यावा. ‘अर्धा कॅरेट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या हिऱ्याचे वजन ०.४७ ते ०.५४ यांच्या दरम्यान काहीही असू शकते, असे ग्राहकहितासाठी काम करणारे सरकारी फेडरल ट्रेड कमिशनच सांगते.

रंगाची मोजपट्टी डीपासून सुरू होऊन झेडपर्यंत जाते. डी ते एफ हे रंगहीन, जी ते जे हे जवळजवळ रंगहीन, के पासून पिवळसर झाक जाणवू लागते. प्रयोगशाळेत रंग पाहतात तो हिरा पालथा ठेवून, नमुन्याच्या खड्यांशेजारी. अंगठीत तो सुलटा असतो, झगमगत असतो आणि शेजारी नमुना नसतो. म्हणून पांढऱ्या सोन्यात किंवा प्लॅटिनममध्ये एच किंवा आय पुरेसा होतो. मराठी घरांतल्या पसंतीप्रमाणे पिवळ्या सोन्याची अंगठी करायची असेल तर जे किंवा केसुद्धा शोभतो, कारण सोन्याचीच झाक हिऱ्यात उतरते. पिवळ्या सोन्यात डी रंगाचा हिरा बसवणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

शुद्धतेत तर कागद आणि डोळा यांच्यातली दरी आणखी रुंद होते. हिऱ्यातले दोष दहा पट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून तपासून ‘फ्लॉलेस’पासून ‘आय-३’पर्यंत अकरा श्रेणी ठरतात. अंगठीकडे भिंगातून कुणी पाहत नाही. एक कॅरेटच्या आतबाहेरच्या गोल हिऱ्यात व्हीएस-२ या मधल्या श्रेणीचे दोष नुसत्या डोळ्यांना सहसा दिसत नाहीत, तिच्या खालच्या एसआय-१ मध्येही बऱ्याचदा दिसत नाहीत. दोष कुठे आहे आणि कोणत्या रंगाचा आहे हे श्रेणीइतकेच महत्त्वाचे. मधोमध टेबलाखालचा काळा ठिपका त्रास देतो; कडेला असलेली पांढरी रेघ प्राँगखाली झाकली जाते. एसआय श्रेणीच्या प्रमाणपत्रावर, दर्जा आकृतीत न दाखवलेल्या धुरकट भागांवरून ठरवला आहे, अशी टीप असेल तर मात्र सावध व्हावे. अशा हिऱ्यात डाग दिसत नाही, पण सगळा खडाच दुधाळ वाटू शकतो.

अतिनील प्रकाशात काही हिरे निळे चमकतात. जीआयएकडे येणाऱ्या हिऱ्यांपैकी साधारण चौथा ते तिसरा हिस्सा असा असतो. व्यापारात या गुणाची थोडी बदनामी झाल्याने डी ते एच रंगांत असे हिरे स्वस्त मिळतात. जीआयएने १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सामान्य माणसांना त्यामुळे हिऱ्याच्या रूपात काही ठरावीक फरक जाणवला नाही. तीव्र चमक असलेले मोजके हिरे धुरकट दिसतात, ते पाहून वगळावेत. बाकीची सूट खुशाल घ्यावी.

हे सारे हिशेब प्रमाणपत्र भरवशाचे असेल तरच जुळतात. प्रयोगशाळांचे निकष सारखे नसतात. ईजीएल या नावाच्या प्रमाणपत्रांवरील दर्जा फुगवलेला असतो अशा तक्रारी वाढल्यावर रापापोर्टच्या व्यापारी जाळ्याने २०१४ मध्ये ती नोंदवणेच बंद केले. स्वस्तात मिळालेला ‘जी’ रंग दुसरीकडे ‘आय’ किंवा ‘जे’ निघाला तर स्वस्ताई कसली? खाणीतल्या हिऱ्यासाठी अमेरिकेत जीआयएचाच कागद मागावा, आणि त्यावरचा क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर ताडून पाहावा. अनेक हिऱ्यांच्या कमरपट्ट्यावर तोच क्रमांक लेसरने कोरलेला असतो. भेगा काचेसारख्या द्रव्याने बुजवलेला हिरा तसा आहे हे विक्रेत्याने सांगितलेच पाहिजे, अशी फेडरल ट्रेड कमिशनची भूमिका आहे. जीआयए तर अशा हिऱ्याला श्रेणीच देत नाही.

प्रयोगशाळेत घडवलेल्या हिऱ्यांनी गेल्या काही वर्षांत ही सगळी गणिते हलवून टाकली. न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी इथे जनरल इलेक्ट्रिकच्या शास्त्रज्ञांनी १९५४च्या डिसेंबरात प्रचंड दाब आणि उष्णतेने कृत्रिम हिरा घडवला. आता वायूतून कार्बनचे थर चढवूनही तो वाढवतात. रचनेने आणि गुणधर्मांनी तो हिराच असतो. तो क्युबिक झिरकोनियासारखा नकली खडा नव्हे. जून २०२३ मध्ये पंतप्रधान मोदींनी वॉशिंग्टनमध्ये जिल बायडेन यांना दिलेला साडेसात कॅरेटचा हिरवा हिराही असाच घडवलेला होता. किमती मात्र वेगाने कोसळल्या. डी बिअर्सने २०१८ मध्ये ‘लाइटबॉक्स’ नावाने कॅरेटला ८०० डॉलर भावाने असे हिरे विकायला काढले, तेव्हा तो भाव धक्कादायक वाटला होता. पुढे बाजार त्याच्याही खाली गेला, आणि २०२५ मध्ये कंपनीने तो व्यवसाय आवरण्याचे जाहीर केले. त्याच वर्षी जीआयएने या हिऱ्यांना रंग-शुद्धतेच्या जुन्या श्रेणी देणे थांबवून ‘प्रीमियम’ आणि ‘स्टँडर्ड’ असे दोनच वर्ग ठेवायचे ठरवले. आकार मोठा हवा आणि पैसे थोडे, अशा वेळी हाच पर्याय सरळ आहे. पुनर्विक्रीला त्याला जवळजवळ किंमत नाही, असा आक्षेप घेतला जातो, तो खराच आहे. पण खाणीतला हिराही दुकानातून बाहेर पडल्यावर विकायला गेले तर मोजलेल्या रकमेच्या बराच खाली जातो. अंगठी गुंतवणूक म्हणून घ्यायचीच नसते.

तीन हजार डॉलरच्या आसपास खर्चायचे ठरवले तर खाणीतला हिरा साधारण ०.७० कॅरेटचा, एच रंगाचा, एसआय-१ आणि उत्तम घडणीचा घेऊन साध्या कोंदणासाठी पैसे उरू शकतात. तेवढ्याच पैशांत घडवलेला हिरा याच्या दुपटीहून मोठा येतो. कोंदण अमेरिकेत बहुधा १४ कॅरेट सोन्याचे असते, म्हणजे २४ भागांत १४ भाग सोने. २२ कॅरेटची सवय असलेल्या आजीला ते हलके वाटेल, पण रोज वापरायच्या अंगठीत हिरा घट्ट धरायला तेच बरे. चार प्राँगमध्ये हिरा अधिक उघडा दिसतो, सहामध्ये अधिक सुरक्षित राहतो.

खरेदी मॅनहॅटनमधल्या ४७व्या रस्त्यावर होते, फिलाडेल्फिया आणि शिकागोच्या ज्वेलर्स रोवर होते, आणि मोठ्या प्रमाणावर घरबसल्याही होते. जगातल्या बहुतेक हिऱ्यांना पैलू सुरतेतच पडत असल्याने या सर्व ठिकाणी माल बहुधा एकाच वाटेने आलेला असतो. दुकानात छतावरच्या झगझगीत दिव्यांखाली कुठलाही हिरा देखणा दिसतो. तो खिडकीपाशी आणि सावलीत नेऊन पाहावा. विनाअट परतीची मुदत लेखी घ्यावी आणि त्या मुदतीत, विक्रेत्याशी संबंध नसलेल्या मूल्यमापकाकडून हिरा तपासून घ्यावा. तो ठरावीक फी घेणारा असावा, किमतीच्या टक्क्यांवर मोबदला घेणारा नको. राज्याचा विक्रीकर वेगळा लागतो. ओरेगॉन, डेलावेअर, मोंटाना, न्यू हॅम्पशायर आणि अलास्का या पाच राज्यांत तो नाही. घराच्या किंवा भाडेकरूच्या विम्यात दागिन्यांसाठी भरपाईची मर्यादा सहसा तुटपुंजी असते, त्यामुळे अंगठीची स्वतंत्र नोंद करावी लागते. त्याचा वार्षिक हप्ता सर्वसाधारणपणे किमतीच्या एक ते दोन टक्के पडतो, आणि तो मूळ अंदाजपत्रकातच धरावा.