रानवस्तीवरील कमी दाबाचे दिवे

रानवस्तीवरील कमी दाबाचे दिवे म्हणजे शेतातील घरात किंवा शेडमध्ये १२ अथवा २४ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे दिवे होत. ही बॅटरी बहुधा सौर पॅनेलवर भरली जाते. असे दिवे एकदिश प्रवाहावर (डीसी) चालतात. घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट असून तिचा प्रवाह प्रत्यावर्ती (एसी) असतो. त्यामुळे दोन्हींच्या निवडीचे नियम वेगळे आहेत.

पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुका द्राक्षे व बेदाण्यासाठी प्रसिद्ध आहे. येथे अनेक कुटुंबे गावठाणापासून दूर मळ्यात राहतात, तर बेदाण्याच्या हंगामात शेडवर रात्री राखणीस थांबावे लागते. कृषिपंपांच्या वाहिनीवरील वीज पाळीने व ठरावीक तासच मिळते. पूर्वी अशा ठिकाणी कंदील आणि चिमणी यांचाच आधार असे. निळ्या एलईडीच्या शोधामुळे कमी विजेत पांढरा प्रकाश मिळू लागला. या शोधासाठी अकासाकी, अमानो व नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

लुमेन आणि वॅट

वॅट हे वीजवापराचे, तर लुमेन हे प्रकाशाचे माप आहे. तारेचा जुना दिवा एका वॅटमागे सुमारे १२ लुमेन प्रकाश देतो. एलईडी दिवा साधारण १०० लुमेन देतो. म्हणून खरेदी करताना केवळ वॅट न पाहता वेष्टनावरील लुमेनचा आकडा पाहावा.

रात्रीचा हिशेब

समजा, स्वयंपाकाच्या जागी ५ वॅटचा दिवा ३ तास, खोलीत ५ वॅटचा दिवा ४ तास आणि अंगणात ३ वॅटचा दिवा १० तास लागतो. एकूण वापर १५ + २० + ३० = ६५ वॅट-तास होतो. १२ व्होल्ट, ४० अँपिअर-तासाच्या बॅटरीत ४८० वॅट-तास ऊर्जा साठते. शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी केल्यास तिचे आयुष्य घटते. त्यामुळे २४० वॅट-तासच वापरण्याजोगे मानावेत. पावसाळ्यात आभाळ भरलेले असले तरी एवढ्यावर तीन रात्री निघतात. तेवढाच प्रकाश तारेच्या दिव्यांनी घेतल्यास पूर्ण भरलेली बॅटरीही एक रात्र पुरणार नाही.

दाबाची मर्यादा

‘१२ व्होल्ट’ हे केवळ नाव आहे. शिसे-आम्ल बॅटरीचा दाब भरताना १४.४ व्होल्टपर्यंत चढतो आणि रिकामी होताना ११ व्होल्टच्या आसपास उतरतो. ज्या दिव्यात प्रवाह स्थिर राखणारे परिपथ असते, तो या फरकातही सारखाच उजेड देतो. केवळ रोधकावर चालणारा स्वस्त दिवा चढत्या दाबाला तापतो आणि लवकर निकामी होतो. म्हणून ‘१० ते १५ व्होल्ट’ किंवा त्याहून विस्तृत मर्यादा छापलेला दिवा घ्यावा.

वायर आणि फ्यूज

दाब कमी असला की तेवढ्याच वॅटसाठी प्रवाह जास्त लागतो. १८ वॅटच्या दिव्यांना २३० व्होल्टवर सुमारे ०.०८ अँपिअर, तर १२ व्होल्टवर १.५ अँपिअर प्रवाह लागतो. बॅटरीपासून २० मीटरवरील शेडपर्यंत १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर नेल्यास वाटेत सुमारे ०.७ व्होल्ट दाब घटतो. वायर २.५ चौरस मिलिमीटरची घेतल्यास ही घट ०.४५ व्होल्टपेक्षा कमी राहते. अंतर मोठे असल्यास २४ व्होल्टची रचना सोयीची ठरते.

दाब कमी असला तरी आगीचा धोका टळत नाही. वायरी एकमेकींना चिकटल्यास बॅटरीतून शेकडो अँपिअर प्रवाह वाहू शकतो. म्हणून बॅटरीच्या धन टोकाजवळच फ्यूज बसवावा.

जागेनुसार निवड

पांढऱ्या-निळसर प्रकाशाकडे किडे अधिक ओढले जातात. म्हणून अंगणात २७०० ते ३००० केल्व्हिनचा पिवळसर दिवा बरा. बेदाणा शेडमध्ये गंधकाची धुरी दिली जात असल्यास तांब्याची टोके गंजतात. तेथे बंदिस्त दिवे वापरावेत आणि जोड झाकून ठेवावेत.

१२ व्होल्टचे काही दिवे नेहमीच्या होल्डरमध्ये बसतात. असा दिवा चुकून २३० व्होल्टवर लावल्यास तो फुटू शकतो. ज्या वस्तीवर दोन्ही प्रकारची वीज आहे, तेथे होल्डर वेगळ्या प्रकारचे ठेवणे आणि त्यांवर व्होल्टचा आकडा लिहिणे सुरक्षित ठरते.